बेट फुललं त्या वर्षी

पहिला गोंडा मला दिसला तो परसातल्या बांबूच्या बेटावर नाही, पिशवीतल्या रोपावर. थंडी सरत आली होती. सकाळी झारीनं पाणी घालताना एका रोपाच्या पेरावर काहीतरी तपकिरी, काटेरी, बोराएवढं दिसलं. कीड असेल म्हणून नखानं खरवडायला गेले, तर त्यातून केसासारखे पिवळे तंतू लोंबत होते. रोप माझ्या गुडघ्याएवढं होतं. मी आईला हाक मारली. ती पदराला हात पुसत आली, वाकून बघितलं आणि हसली.

"एवढूशा लेकराला मिशा फुटल्या की गं."

मलाही हसू आलं, पण क्षणभरच. वनस्पतिशास्त्र घेऊन बी.एस्सी. झालेल्या मुलीला बांबूचं फूल म्हणजे काय, एवढं कळतं. झारी तिथंच ठेवून मी परसात गेले. जे रोज दिसतं त्याच्याकडं आपण बघत नाही, तसं आमच्या बेटाचं झालं होतं. त्या दिवशी मान वर करून नीट पाहिलं. पानं निम्म्याहून जास्त गळलेली होती आणि शेंड्याकडच्या पेरापेराला तसेच काटेरी गोंडे लागले होते. वारा आला तेव्हा नेहमीची सळसळ झाली नाही. कोरडा, खरबरीत आवाज आला.

आमचं गाव लोहारा तालुक्यात, सास्तूरपासून जवळ. भूकंपानंतर नव्यानं वसवलेलं, म्हणून रस्ते सरळ आणि प्रत्येक घरामागं थोडी मोकळी जागा. वडील उमरग्याच्या एका मालकाच्या ट्रकवर ड्रायव्हर आहेत. सोलापूर-हैदराबाद हमरस्ता हेच त्यांचं घर, आमच्याकडं ते पाहुण्यासारखे येतात. आई लोकांच्या रानात खुरपायला जायची, अजूनही जाते. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. उमरग्याला एसटीनं जाऊन शिकले. त्या शिकण्याला किती जणांचे हात लागले हे मी विसरलेले नाही, आणि त्यातला एक हात तर खरोखर काठी धरलेला होता. पुढच्या आळीतले एक म्हातारे रोज सकाळी फाट्यावर बसायचे. गावात सगळे त्यांना आजाच म्हणत. मला उशीर झाला आणि गाडी आली, की ते काठी आडवी धरून सरळ रस्त्यात उभे राहायचे. ड्रायव्हर चिडायचा. आजा म्हणायचे, पोरगी येतीय, तिची परीक्षा हाय. परीक्षा वर्षातून दोनदाच असते हे त्या ड्रायव्हरलाही माहीत होतं, पण काठी खाली येईपर्यंत गाडी हलायची नाही.

पदवी झाली, नोकरी लागली नाही. स्पर्धा परीक्षांचा अभ्यास करता करता मी घराशेजारी हिरवी जाळी बांधून रोपं करायला लागले. कढीपत्ता, शेवगा, जास्वंद आणि बांबू. बांबूची रोपं मी आमच्याच बेटापासून केली. कोवळा नाही, जून नाही असा बांबू निवडायचा, दोन दोन पेरांच्या कांड्या तोडायच्या, आडव्या सरीत ठेवायच्या आणि माती ओली ठेवायची. उसाचं बेणं लावतात तसंच, म्हणून आमच्याकडं हे कुणाला शिकवावं लागत नाही. फक्त उसाची घाई इथं चालत नाही. डोळ्यातून कोंब येतो, पानं सुटतात, आणि मुळं मात्र नंतर येतात. मुळं धरेपर्यंत कांडीला हात लावायचा नाही. मी ते संयमानं केलं होतं आणि रोपं छान लागली होती. पावसाळ्यात गावातल्या बचत गटाच्या बायका ती ओढ्याच्या काठानं लावणार होत्या.

त्या दुपारी मी माझ्या कॉलेजच्या मॅडमना फोन केला. निवृत्त झाल्या तरी त्या माझे प्रश्न टाळत नाहीत. म्हटलं, मोठं बेट फुललं हे समजू शकते, पण गुडघ्याएवढं रोप कसं फुललं?

मॅडम म्हणाल्या, "रोप लहान आहे गं, त्याचं वय लहान नाही. तू कांडी तोडून लावलीस. म्हणजे आईचंच वय तुकडे करून पिशव्यांत भरलंस."

मग त्यांनी समजावून सांगितलं. आपल्याकडचा बांबू आयुष्यात एकदा असा भरून फुलतो आणि फुलला की वाळतो. कांडीपासून केलेलं असो की गड्डा खणून नेऊन लावलेलं असो, ते सगळं एकच झाड असतं, नुसतं ठिकाण वेगळं. सगळी मागंपुढं फुलतील आणि वाळतील. बी धरलं तर तेवढं वाचव, म्हणाल्या. बियाचं रोप मात्र खरंच नवं असतं. बी बांबूवरच पिकू दे, हलवलं की गळेल तेव्हाच घे, आणि घेतलं की लगेच पेर. ते साठवून राहत नाही.

हे आईला सांगितलं तेव्हा ती भाकरी थापत होती. तिनं हातातली भाकरी तव्यावर टाकली, पाणी फिरवलं, उलटली, फुगेपर्यंत बघत बसली. मग विचारलं, "मारुतीच्या देवळामागचं?"

"ते आपल्यातूनच नेलेलं ना?"

"शाळंच्या भिताडाकडंचं?"

मी होकारार्थी मान हलवली. मशिदीमागचं, ओढ्यावरचं, तिनं एकेक नाव घेतलं. सगळे गड्डे तिनंच दिलेले होते.

आई भूकंपाच्या वेळी नवी नवरी होती. माहेरी गेली होती म्हणून वाचली. परत आली तेव्हा सासू नव्हती, थोरली जाऊ नव्हती. त्या दिवसांबद्दल ती जास्त बोलत नाही. एकच वाक्य मी तिच्या तोंडून दोन-तीनदा ऐकलंय: सासूला पत्र्यावर नेलं. पाऊस लागून राहिला होता, माणसं इतकी गेली होती की तिरडीला बांबू कुठून येणार? दाराच्या फळीवर, पत्र्यावर, जमेल तसं नेलं. नव्या गावात जागा मिळाली तेव्हा घराला दार बसायच्या आधी आईनं जुन्या गावच्या ओढ्याकाठून बांबूचा एक गड्डा खणून आणला आणि मोरीचं पाणी जाईल तिथं लावला. बेट वाढलं तशी ती गड्डे वाटत गेली. मागायला न आलेल्यांनाही दिले. एक वाळलं तर दुसरं असावं, एवढाच तिचा हिशेब होता.

तेव्हापासून गावात कुणी गेलं की माणसं कोयता घेऊन आमच्या परसात येतात. दार वाजवत नाहीत, विचारत नाहीत. आम्हीही काही बोलायचं नसतं. मुसलमान आळीत मयत झाली तर कबरीवर आडवे टाकायला बांबू इथूनच जातात. आणि पाडव्याला गुढीची काठीही इथूनच. हिरवाच लागतो. वाळका बांबू तिरडीला चालत नाही, चटकन फुटतो, आणि लोक तो घेतही नाहीत.

आता आईनं एक वाळलं तर दुसरं असावं म्हणून गावभर जे वाटलं होतं, ते सगळं एकच बेट निघालं होतं.

मी गावातून चक्कर मारून आले. देवळामागं, शाळेकडं, मशिदीमागं, सगळीकडं गोंडे. लोकांच्याही लक्षात यायला लागलं होतं. कळक फुलला की पाऊस पळतो, असं कुणी म्हणालं. उंदीर वाढतात, धान्य राहत नाही, असं दुसरं कुणी. बचत गटाच्या अध्यक्षबाईंना मी जाऊन सांगितलं की ही रोपं लावू नका, ती वाळणार आहेत. त्यांनी माझ्याकडं असं पाहिलं, जणू अपशकुनाची बातमी मीच बनवून आणली होती.

खरी ओढाताण मात्र घराशेजारीच होती. बेटाच्या पलीकडं काकांचा गोठा. काका म्हणजे वडिलांचे धाकटे भाऊ. गोठ्याला लागून त्यांची कडब्याची गंजी, आणि गंजीच्या डोक्यावर आता वाळत चाललेले बांबू. काकांची भीती खोटी नव्हती. ऊन तापायला लागलं होतं, एक ठिणगी पडली असती तर गंजी आणि दावणीची जनावरं दोन्ही गेली असती. ते एका सकाळी कुंपणाशी येऊन उभे राहिले.

"वैनी, हे वाळलं. आता ठिवून काय लोणचं घालायचंय का?"

आई म्हणाली, "बी धरू द्या भावजी."

"कळकाला बी असतं व्हय?"

"हिला इचारा. हिनं शिकलंय त्यातलं."

काकांनी माझ्याकडं पाहिलं. "हिच्या बीएस्सीतलं बी काय उगवलेलं म्या अजून न्हाय बघितलं."

मला ते लागलं. पण त्यांचं म्हणणं गावातले बरेच जण मनात म्हणत असणार हे मला माहीत होतं. शेवटी अक्षय तृतीयेपर्यंत थांबायचं ठरलं. त्यानंतर काका सगळं बेट बुडापासून तोडणार आणि आम्ही आडवं यायचं नाही. तोपर्यंत खाली पडलेला पाला रोज झाडायचा, आणि बाहेरची चूल बंद. आईनं अंघोळीचं पाणी तापवायची चूल त्याच दिवशी मोडली. तरी काका दिवसातून कितीदा तरी येऊन नाक वर करून वास घेत. शेजारी कुणी बिडी ओढली तरी त्यांचा आवाज यायचा.

पाडव्याला कुणी काठी मागायला आलं नाही. आई सकाळपासून परसदाराशी बसून होती. चार काठ्या तिनं आदल्या दिवशीच निवडून, गोंडे काढून, पुसून ठेवल्या होत्या. लोकांनी उमरग्याच्या बाजारातून काठ्या आणल्या. काकांनी लोखंडी पाइपला गुढी बांधली. आईनं मात्र आमची गुढी बेटाच्याच काठीवर उभी केली, आणि उरलेल्या काठ्या तशाच भिंतीला टेकवून ठेवल्या.

मी रोज गोंडे फोडून बघत होते. वाळलेल्या बांबूंवरचे सगळे पोचट. बोटांत चोळलं की नुसता भुसा उडायचा. उंदीरही आले. खरंच आले, आणि लोकांचं म्हणणं खरं होतंय असं वाटून मला त्या उंदरांचा दुप्पट राग यायचा. खारी आल्या, चिमण्या आल्या. ज्याच्यात दाणा असेल तो त्यांना आधी कळायचा.

फक्त मोरीच्या बाजूचे दोन बांबू अजून हिरवे होते. पाणी मिळत होतं म्हणून असेल. त्यांच्या गोंड्यांत दाणा भरत होता. आधी फोडलं की दूध यायचं. मग पिठाळ झालं. मॅडम फोनवर म्हणाल्या, अजून थोडं. नखानं दाबून दबणार नाही असा होऊ दे. मी पत्र्यावर चढून त्यांच्या शेंड्यांना जुनी मच्छरदाणी बांधली. त्या दोन बांबूंच्या पलीकडं मला काही दिसत नव्हतं. एसटी स्टँडवर पेपर वाचत असले तरी डोक्यात तेच, गोंडे फुटले असतील का, उंदरांनी जाळी कुरतडली असेल का.

आणि तेव्हाच आजा गेले.

सकाळी त्यांच्या घरातून रडणं ऐकू आलं. मी आणि आई गेलो. आजांना अंगणात निजवलं होतं, काठी कोपऱ्यात उभी होती. मी त्यांच्या पायावर डोकं ठेवलं. लातूरहून त्यांची मुलगी निघाली होती, ती आली की नेणार होते. ऊन चढत होतं, म्हणून सगळी तयारी आधीच करून ठेवायची असं चाललं होतं. मी घरी आले. आई तिथंच थांबली. माझ्या डोळ्यांसमोर ते फाट्यावर काठी धरून उभे असलेले दिसत होते, आणि खरं सांगते, बांबूचा विचार तेव्हा मनात आलाच नाही.

तो विचार आला परसात पावलं वाजली तेव्हा. काका पुढं, हातात कोयता, मागं आजांच्या घरचे तिघं-चौघं. ते बेटाखाली उभे राहून वर बघत होते. एकानं एक बांबू हलवून पाहिला, तो कडकडला. दुसरा हलवला, तोही. मग काका मोरीकडं वळले आणि त्यांनी हिरव्या बांबूवर हात ठेवला.

माझ्या तोंडून निघून गेलं. "काका, हे दोन नको. ह्यात बी भरतंय."

सगळे थांबले. आमच्या परसात आजवर कुणी नाही म्हटलं नव्हतं. आजांचा एक पुतण्या खाली बघू लागला. तो काही बोलला असता तर बरं झालं असतं. काका हळू आवाजात म्हणाले, "कुणासाठी हाय, ठाऊक हाय का तुला?"

मला ठाऊक होतं. बस धरून ठेवणाऱ्या माणसासाठी होता तो बांबू. उमरग्याहून आणायचा म्हटलं तर जाऊन-येऊन दुपार टळली असती, एवढ्या उन्हात. दुसरं कुठलं बेट हिरवं नव्हतं, कारण दुसरं बेटच नव्हतं. तरी मी बाजूला झाले नाही. काकांचा हात बांबूवरच होता.

कुणीतरी जाऊन आईला सांगितलं असावं. ती आली. तिनं आधी माझ्याकडं पाहिलं, मग शेंड्याकडं. वर जाळी बांधलेली होती. मला वाटलं, ती म्हणेल थांबा. बेट वाचावं म्हणून तिनं चूल मोडली होती, पाडव्याला दाराशी बसून होती. तीच एकटी थांबा म्हणू शकली असती, आणि त्या माणसांनी ऐकलंही असतं.

ती म्हणाली, "तोडा भावजी. शेंडा तेवढा माझ्याकडं द्या."

मग आत जाऊन तिनं मोठी वाकळ आणली आणि मोरीपुढच्या फरशीवर अंथरली.

बांबू तोडायची आमच्याकडची रीत अशी, की बुडाशी कोयत्याचे घाव घालायचे, तुटला की ओढून बोळात आडवा पाडायचा आणि तिथंच फांद्या छाटायच्या. धाडकन पडतो. तसा पडला असता तर दाणे गावभर झाले असते. शिवाय शेंडे एकमेकांत गुंतलेले होते, काटेरी गोंडे एकमेकांना धरून बसलेले. काका वर बघत थोडा वेळ उभे राहिले. मग त्यांनी दोघांना बांबूला मिठी मारायला सांगितलं.

"तुटला तरी सोडू नका. उभाच धरायचा. पोरी, तू वर जा."

मी मोरीच्या भिंतीवर चढले, तिथून पत्र्यावर. पत्रा पायाला भाजत होता. खालून कोयत्याचे घाव ऐकू येत होते आणि प्रत्येक घावाला शेंडा थरथरत होता, जाळीत दाणे टपटप पडत होते. मी हातानं एकेक गोंडा सोडवू लागले. वाळलेल्या बांबूतून हिरवा सोडवायचा, ओढायचा नाही. काटे बोटांत घुसत होते. बांबू बुडापासून सुटल्याचा आवाज आला आणि सगळं वजन खालच्या माणसांच्या खांद्यावर आलं. एकाचा पाय घसरला, बांबू हातभर खाली आला, मी जाळीचं तोंड मुठीत आवळून धरलं.

खालून काका म्हणाले, "लवकर कर पोरी. आजा वाट बघत्यात."

त्यांच्या आवाजात राग नव्हता. धाप होती. ज्या माणसाला हे बेट महिनाभर डोळ्यांसमोर नको होतं, तो त्याचं वजन छातीवर घेऊन उभा होता. मी शेवटचा गोंडा सोडवला. त्यांनी बांबू हळूहळू कलता केला, झोपलेल्या लेकराला खाली ठेवतात तसा, आणि शेंडा वाकळीवर टेकवला. आईनं विळ्यानं शेंडा वेगळा केला. मग दुसरा. त्यातही तेवढाच वेळ गेला. कुणी घाई केली नाही, पण आळीतून लातूरची गाडी आल्याचा आवाज आला तेव्हा सगळ्यांच्या माना तिकडं वळल्या.

बांबू खांद्यावर घेऊन माणसं गेली. जाताना कुणी काही बोललं नाही, बोलायचं नसतंच. थोड्या वेळानं आजांना आमच्या दारावरून नेलं. मी उंबऱ्यात उभी होते. तिरडीचे दोन्ही दांडे हिरवेगार होते, कापलेल्या फांद्यांच्या जागा पांढऱ्या दिसत होत्या. माझी बोटं ठणकत होती आणि मला त्या ठणक्याचं बरं वाटलं.

दोन्ही शेंडे आम्ही मोरीत पाण्याच्या घागरीत उभे केले, ओल्या गोणपाटानं झाकले. मॅडमना विचारलं. त्या म्हणाल्या, पिठाळ झालेला दाणा कदाचित पिकेल, दुधाळ गेला. आशा धर, पण फार नको. काही दिवसांनी गोंडे तपकिरी झाले. आईनं ते सुपात चोळले आणि पाखडायला बसली. ती पाखडत होती आणि जवळजवळ सगळंच उडत होतं. सुपाच्या कडेला उरलं ते एका वाटीच्या तळाशी मावेल एवढं. गव्हाहून बारीक, टोकदार, तपकिरी दाणे.

त्याच दिवशी पेरले. वाळू, माती आणि काकांच्या गोठ्यातलं मुरलेलं शेणखत. ट्रे जाळीखाली ठेवले तर उंदीर येणार, म्हणून ते पत्र्याच्या छपराच्या गजांना तारेनं टांगले. वर ओलं फडकं. ऊन असं होतं की फडकं सकाळी भिजवलं तर दुपारच्या आत खडखडीत. आई रानातून आली की चप्पल न काढता आधी तिकडं जायची.

अक्षय तृतीया आली. ट्रेमध्ये नुसती माती होती. काका ठरल्याप्रमाणे आले. त्यांनी तोडू का म्हणून आईला विचारलं, आणि आईनं होकारार्थी मान हलवली. दिवसभर घाव चालू होते. बांबू जाळायचा नसतो, म्हणून त्यांनी ते गोठ्याच्या कुंपणाला लावले. संध्याकाळी परसात इतका उजेड होता की आमचंच घर मला परकं वाटलं. पिशव्यांमधली माझी रोपंही तोवर वाळून गेली होती. मी ती उपटून माती एका बाजूला ओतली.

त्यानंतरच्या एका सकाळी ट्रेमध्ये हिरवं दिसलं. सुईसारखं, बारीक. एकाच जागी नाही, सगळीकडं. मी आईला हाक मारली आणि दोघी वाकलो. आणि मग माझ्या लक्षात आलं, ते गवत होतं. शेणखतातून आलेलं तण असणार, एवढं दाट बी आमच्याकडं नव्हतंच. त्यात बांबूचं काही असेल तर ते ओळखायचं कसं? बांबू म्हणजे गवतच. एवढ्याशा वयात दोघांत फरक दिसत नाही.

आई बघत होती, आणि बघता बघता तिचा हात गेला. उभं आयुष्य खुरपण्यात गेलेलं. तिच्या बोटांना गवत दिसलं की ती विचारत नाहीत. तिनं एक काडी चिमटीत धरून उपटली. काडी अलगद आली, आणि मुळाशी, पांढऱ्या धाग्याला लटकलेलं, टोकदार तपकिरी टरफल होतं.

आम्ही पेरलेल्या दाण्याचंच होतं ते.

आईनं ते रोप परत खोचलं, बोटानं माती दाबली. मग तिनं दोन्ही हात मागं घेतले आणि पदरात गुंडाळून घेतले. "मला इथं येऊ देऊ नको," म्हणाली. "माझ्या हाताला कळत न्हाय."

आमच्या घरात तेव्हा पहिल्यांदा तण वाढू दिलं. काही उपटायचं नाही, सगळ्यालाच पाणी. काका कुंपणातून बघायचे.

"बीएस्सीत गवत बी शिकवतात व्हय?"

"बांबू गवतच असतंय काका."

"मग माझ्या बांधावर लई बांबू हाय म्हणायचा."

पण ते रोज बघायला यायचे. हळूहळू फरक पडत गेला. काही काड्यांना केना झाला, काहींची हराळी झाली, ती मी एकेक करून कात्रीनं कापली, उपटली नाही. आणि काहींच्या बुडातून दुसरा कोंब आला, ताठ, जांभळट पापुद्रा गुंडाळलेला. ती किती होती? दोन्ही हातांच्या बोटांवर मोजता येतील एवढीच. आईनं परत खोचलेलं रोप वाचलं नाही. ती त्याबद्दल विचारत नाही आणि मी सांगत नाही, पण त्या जागेवर मी दुसरं काही लावलेलं नाही.

मॅडमना आनंदानं फोन केला, तर त्यांनी सावध केलं. ही भावंडं एकाच वयाची, तीही कधीतरी एकत्रच फुलतील. दुसरीकडचं काहीतरी मिळव. मी वडिलांना सांगितलं. पुढच्या फेरीला ते हुमनाबादकडच्या एका ढाब्यामागच्या बेटातला गड्डा ट्रकच्या केबिनमध्ये घालून घेऊन आले. तो आता शाळेच्या भिंतीकडं लावलाय. त्याचं वय कुणाला माहीत नाही, पण आमच्यापेक्षा वेगळं असावं अशी आशा आहे.

पावसाच्या आधी आम्ही बियाच्या रोपांपैकी एक मोरीच्या पाण्यावर लावलं, जुन्या बेटाच्या बुडख्याशेजारी. काका खड्डा खणून द्यायला आले होते. आईनं मला विचारलं, ह्याचा खांद्यावर घेण्याजोगा बांबू कधी व्हायचा? मी म्हटलं, सात-आठ वर्षं तरी.

आईनं कपाळावरचा घाम पुसला. "मग गावात सांगा, तवर कुणी घाई करू नका म्हणावं."

काका खड्ड्यातून वर बघत म्हणाले, "म्या थांबतो. पर पहिला नंबर माझा लावून ठिवा."

"तुमी शेवटी," आई म्हणाली. "तुमाला लई घाई झाली हुती तोडायची."

त्याच आठवड्यात काकांनी कडब्याची गंजी तिथून हलवली आणि गोठ्याच्या पलीकडच्या अंगाला रचली. कुणी सांगितलं नव्हतं. रोपाभोवती मात्र गवत तसंच वाढलेलं आहे. आई त्याच्या कडेकडेनं जाते, हात मागं बांधून.